काल्पनिक ग्रहाचा खरा वाटणारा उंचीचा नकाशा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कथेसाठी, गेमसाठी, चित्रासाठी किंवा निव्वळ हौसेपोटी स्वतःचा ग्रह रचणाऱ्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उदाहरणं शक्य तिथे कोल्हापूर जिल्ह्यातली घेतली आहेत. घाटमाथा, पठार, नद्यांचे संगम आणि पर्जन्यछाया हे सगळं गगनबावडा ते शिरोळ एवढ्या एका दिवसाच्या प्रवासात डोळ्यांनी पाहता येतं, आणि नकाशा चुकतो तो बहुतेक वेळा जमीन न पाहिल्यामुळे. आकडेमोडीसाठी सगळीकडे एकच नमुना ग्रह धरला आहे: त्रिज्या ५१०० किलोमीटर, घनता पृथ्वीएवढी.

१. उंचीचा नकाशा म्हणजे काय? रंगवलेल्या नकाशापेक्षा तो वेगळा कसा?

उंचीचा नकाशा, म्हणजे हाइटमॅप, हे करड्या रंगातलं चित्र असतं. त्यातला प्रत्येक पिक्सेल म्हणजे त्या जागेच्या उंचीचा आकडा: काळा सर्वांत खोल, पांढरा सर्वांत उंच. हिरवा-तपकिरी रंग, डोंगरांच्या सावल्या, समोच्च रेषा, नद्यांचे मार्ग हे सगळं या एका चित्रातून काढता येतं. उलट दिशेने जाता येत नाही. आधी सुंदर रंगीत नकाशा काढून मग त्यातून उंची ओढून काढायचा प्रयत्न केला, की सावलीच उंची म्हणून मोजली जाते आणि डोंगराच्या एका बाजूला खंदक तयार होतो. म्हणून आधी आकडे, मग रंग.

२. सुरुवात कुठून करू?

क्रम असा ठेवा: ग्रहाचा आकार, भूपट्ट (ग्रहाच्या कवचाचे सरकते तुकडे), खंड आणि डोंगरांची ढोबळ उंची, समुद्रतळ, समुद्रपातळी, वारे आणि पाऊस, नद्या आणि झीज, शेवटी रंग व नावं. प्रत्येक पायरी पुढचीला कारण पुरवते. बहुतेकजण किनारा आधी काढतात. खंडाचा आकार मनासारखा यावा ही इच्छा स्वाभाविक आहे, आणि कथेची तशी गरजही असते. तसं असेल तर किनाऱ्याचं कच्चं रेखाटन जरूर करा, पण ते पेन्सिलीचं समजा. भूपट्ट मांडताना ते शंभर-दोनशे किलोमीटर इकडेतिकडे सरकू द्या.

३. ग्रह किती मोठा धरू? त्याने नकाशात नेमकं काय बदलतं?

तीन गोष्टी बदलतात: प्रमाण, डोंगरांची कमाल उंची आणि उंचीनुसार उतरणारं तापमान.

पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर, विषुववृत्ताचा घेर सुमारे ४०,०७५ किलोमीटर, म्हणजे एक अंश १११ किलोमीटरांचा. नमुना ग्रहाचा घेर ३२,०४४ किलोमीटर, एक अंश ८९ किलोमीटर, पृष्ठफळ ३२.७ कोटी चौरस किलोमीटर (पृथ्वीचं ५१ कोटी). घनता सारखी असेल तर गुरुत्व त्रिज्येच्या प्रमाणात बदलतं, म्हणून इथे ते ९.८१ ऐवजी सुमारे ७.८५ मीटर प्रति सेकंद वर्ग.

गुरुत्व कमी तर खडक स्वतःच्या वजनाखाली बसायच्या आधी जास्त उंच जाऊ शकतो. ढोबळ हिशेब: पृथ्वीवरची कमाल उंची, जवळपास ९ किलोमीटर, भागिले गुरुत्वाचं प्रमाण. ९ भागिले ०.८ म्हणजे ११ किलोमीटर. मंगळावर गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के आणि तिथला ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी २१ किलोमीटरांहून उंच आहे. हिशेब साधारण जुळतो. ही कमाल मर्यादा आहे, सरासरी नव्हे. पृथ्वीवरच्या जमिनीची सरासरी उंची जेमतेम ८४० मीटर भरते.

४. कोणती सॉफ्टवेअर लागतात? पैसे भरावे लागतात का?

फुकट साधनांवर सगळं काम होतं. भूपट्ट आणि खंड गोलावर काढायला जीप्लेट्स. चित्र म्हणून उंची हाताळायला गिम्प. नद्या आणि झीज यांसाठी विल्बर. दिसायला जुनाट आहे, फक्त विंडोजवर चालतं, पण ग्रहाच्या पातळीवर अजूनही भरवशाचं. मोजमाप, सावल्या, नावं यांसाठी क्यूजीआयएस. प्रक्षेपण (गोल ग्रह सपाट मांडायची पद्धत) बदलायला नासाचं जी-प्रोजेक्टर. गोलावर चढवून बघायला ब्लेंडर. गाया आणि वर्ल्ड मशीन लहान प्रदेशाच्या नकाशासाठी उत्तम आहेत. दोन्हींच्या फुकट आवृत्तीत चित्राच्या आकाराला मर्यादा आहे.

रॅम १६ जीबी असेल तर ८१९२ पिक्सेल रुंदीपर्यंत अडत नाही. ८ जीबीवर ४०९६ रुंदीने काम करा.

५. चित्र किती पिक्सेलचं घ्यावं? ८ बिट चालेल का?

संपूर्ण ग्रहाचा नकाशा रुंदीच्या निम्म्या उंचीचा लागतो: ४०९६ गुणिले २०४८ किंवा ८१९२ गुणिले ४०९६. नमुना ग्रहावर दुसऱ्या मापात एक पिक्सेल विषुववृत्तावर ३.९ किलोमीटरांचा पडतो.

८ बिट चालणार नाही. त्यात फक्त २५६ पायऱ्या असतात. तळापासून शिखरापर्यंत २०,००० मीटर मांडायचे असतील, तर एक पायरी ७८ मीटरांची होते आणि मैदानं भातखाचरांसारखी पायऱ्यापायऱ्यांची दिसतात. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या मिळतात, म्हणजे एक पायरी सुमारे ३० सेंटिमीटर. उणे ११,००० ते अधिक ९,००० मीटर अशी व्याप्ती धरली तर समुद्रपातळी ३६,०४४ या मूल्यावर येते. हा आकडा फाइलच्या नावातच लिहून ठेवा, कारण महिन्याभराने तो आठवत नाही.

दोन सापळे आहेत. गिम्पमध्ये प्रिसिजन १६ बिट करताना 'लिनिअर' निवडा. दुसरा पर्याय घेतला तर मधल्या उंची गुपचूप वाकतात आणि समुद्रपातळी जागेवरून सरकते. शिवाय जेपीजी कधीही वापरू नका. तो ८ बिटच असतो आणि त्यातले चौकोनी डाग झिजेच्या वेळी चौकोनी दऱ्या होऊन उठतात.

६. भूपट्ट खरंच लागतात का? नुसता नॉइज (संगणकाने भरलेला अनियमित चढउतार) टाकून खंड मिळतातच की.

मिळतात, पण ते ढगांसारखे दिसतात. नॉइजला सगळ्या दिशा सारख्या, त्यामुळे डोंगर खंडाच्या मधोमध ढिगासारखे येतात. खऱ्या ग्रहावर ते ओळीने येतात, कारण ते भूपट्टांच्या कडांवर उभे राहतात.

जीप्लेट्समध्ये ७ ते १२ भूपट्ट काढा. काही खूप मोठे, काही चिंचोळे. सगळे एकाच आकाराचे काढले की फुटबॉल दिसतो. प्रत्येकाला दिशा आणि वेग द्या, वर्षाला २ ते १० सेंटिमीटर. मग प्रत्येक सीमेवर एकच प्रश्न विचारा: इथे पट्ट जवळ येतायत, दूर जातायत की घासून जातायत? सीमेचा प्रकार तिच्या लांबीभर एकच राहत नाही, कारण पट्ट गोलावर फिरतात. एका टोकाला टक्कर आणि दुसऱ्या टोकाला घसरण हे चालतं. किंबहुना तसंच असावं. खंड पट्टाच्या मध्येही असू शकतो, त्याचा किनारा म्हणजे सीमा असं समजू नका (प्रश्न ८).

७. डोंगररांगा कुठे, किती रुंद आणि किती उंच काढू?

समुद्री पट्ट खंडाखाली जात असेल तर किनाऱ्याजवळ सागरी गर्ता आणि तिच्यापासून १०० ते ३०० किलोमीटर आत ज्वालामुखींची रांग. अँडीज असे उभे राहिले, लांबी सुमारे ७००० किलोमीटर. दोन खंड भिडले तर हिमालय: २४०० किलोमीटर लांब कमान, आणि तिच्या मागे ४५०० ते ५००० मीटर सरासरी उंचीचं तिबेटचं पठार. हे मागचं पठार सर्रास विसरलं जातं. उंच टकरीची रांग मागे आधार नसताना भिंतीसारखी एकटी उभी केली, की नकाशा खोटा वाटू लागतो.

जुन्या, मेलेल्या सीमाही ठेवा. अरवली ही फार प्राचीन रांग, आज तिचं सर्वोच्च शिखर गुरुशिखर १७२२ मीटर. खंडाच्या पोटात अशा दोन-तीन झिजलेल्या, तुटक रांगा १००० ते २००० मीटरांच्या टाकल्या की ग्रहाला वय येतं.

रांग काढताना ब्रशने एकसंध पट्टा ओढू नका. कणा आधी, मग त्याला समांतर दोन-तीन घड्या, मधल्या खोऱ्यांत उंची निम्मी.

८. सह्याद्रीसारखा कडा हवा आहे. तिथे कुठले भूपट्ट भिडवू?

कुठलेच नाहीत. ही अतिशय सामान्य चूक आहे. सह्याद्री टकरीतून उभा राहिलेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचं पठार झालं, त्याच सुमारास पश्चिमेचा भूभाग तुटून दूर गेला (सेशेल्स बेटं त्याच भूभागाचा तुकडा आहेत), आणि तुटलेली कड झिजत झिजत पूर्वेला मागे सरकली. म्हणजे हा फाटलेल्या खंडाचा काठ आहे, आणि आज तो भूपट्टाच्या सीमेपासून फार लांब आहे.

नकाशात तो असा बांधा. दूर गेलेल्या दोन खंडांच्या समोरासमोरच्या किनाऱ्यांपैकी एक निवडा. किनाऱ्याला समांतर, ४० ते ८० किलोमीटर आत एक रेषा ओढा. रेषेच्या समुद्राकडच्या बाजूला उंची ० ते २०० मीटर. हे तुमचं कोकण. रेषेवर ८०० ते १२०० मीटरांची उडी, एक-दोन पिक्सेलांत. रेषेच्या आतल्या बाजूला अगदी मंद उतार: कोल्हापूर शहर साडेपाचशे मीटरांच्या आसपास आहे आणि तिथून जमीन बंगालच्या उपसागरापर्यंत हळूहळू उतरत जाते. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना जे पोटात येतं ते एका बाजूचं, आणि गगनबावडा ते कोल्हापूर रस्त्यावर जे जाणवतही नाही ते दुसऱ्या बाजूचं. दोन्ही बाजू सारख्या उताराच्या काढल्या की सह्याद्री संपला.

माथे टोकदार करू नका. मसाई पठार पाहा: वर जांभ्याची टोपी, माथा सपाट, कडा सरळ तुटलेली. लाव्ह्याचे आडवे थर असतील तिथे उंचीला पायऱ्या द्या. गिम्पच्या कर्व्ह्जमध्ये त्या प्रदेशापुरतं ५-६ पायऱ्यांचं वळण टाकून ते मूळ उंचीत ३० टक्के मिसळलं तर पुरतं. पूर्ण मिसळलं की केकचे थर दिसतात.

९. समुद्राचा तळ कोण बघणार? तो सपाट निळा ठेवला तर?

फक्त जमीन छापायची असेल तर ठेवा. पण समुद्रपातळी कधीही वर-खाली करायची असेल, हिमयुग दाखवायचं असेल, तर तळ लागतोच.

किनाऱ्यालगत समुद्रबूड जमीन, खोली ० ते सुमारे १५० मीटर. फाटलेल्या काठावर रुंद, गर्तेच्या काठावर जवळजवळ नाहीच. पुढे तीव्र उतार, मग सागरी मैदान. मध्यसागरी रांगेचा माथा पाण्याखाली सुमारे २५०० मीटर. तिथून दूर जाताना खोली वयाबरोबर वाढते: २५०० अधिक ३५० गुणिले वयाचं वर्गमूळ, वय दशलक्ष म्हणजे दहा लाख वर्षांच्या मापात. २५ दशलक्ष वर्षांच्या तळाची खोली ४२५० मीटर. ६४ दशलक्ष वर्षांचा तळ ५३०० मीटर. त्यापुढे हे सूत्र जास्त खोली दाखवू लागतं, म्हणून ५५०० ते ६००० वर थांबा. पट्ट एका बाजूला वर्षाला ३ सेंटिमीटर सरकत असेल तर २५ दशलक्ष वर्षं म्हणजे रांगेपासून ७५० किलोमीटर. आकडे पृथ्वीचे आहेत, पण पाण्याचा सागर आणि सरकते पट्ट असलेल्या ग्रहाला सुरुवात म्हणून ते चालतात.

१०. जमीन-पाण्याचं प्रमाण मोजलं तर ६० टक्के समुद्र येतो, पण गोलावर बघितलं की जास्त वाटतो. चूक कुठे?

मोजण्यात. चौकोनी नकाशात ध्रुवाजवळच्या ओळी ताणलेल्या असतात. सगळे पिक्सेल सारखे मोजले की ध्रुवीय जमीन फुगते आणि जमिनीचा वाटा वाढतो. प्रत्येक ओळीला तिच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणा: ६० अंशांवरचा पिक्सेल अर्धा, ८० अंशांवरचा ०.१७.

आणखी एक तपासणी याच वेळी करा. उंचीचा आलेख काढला तर पृथ्वीसारख्या ग्रहावर दोन उंचवटे दिसायला हवेत: एक समुद्रपातळीच्या किंचित वर, दुसरा ४ ते ५ किलोमीटर खाली. खंडांचा खडक हलका आणि जाड, समुद्रतळाचा जड आणि पातळ, म्हणून ही दोन मजली रचना. नॉइजमधून काढलेल्या ग्रहाचा आलेख एकच टेकाड दाखवतो. 

११. माझा किनारा सगळीकडे सारखाच तुटका दिसतो. काय करू?

नॉइज सगळीकडे एकाच जोराने लावला आहे. किनाऱ्याला स्वभाव असतो. नॉर्वेच्या फियॉर्डची (समुद्राने भरलेल्या अरुंद दऱ्यांची) मिती, म्हणजे किनारा किती वळणावळणाचा त्याचं माप, १.५ च्या घरात भरते, ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याची १.२५, दक्षिण आफ्रिकेची जवळपास १.०, म्हणजे तो किनारा जवळपास सरळच. फियॉर्ड हिमनद्यांनी कोरलेले असतात, ते साधारण ४५ अंशांच्या वर ठेवा. कोकणासारख्या किनाऱ्यावर बुडालेल्या नदीमुखांच्या खाड्या, मध्ये खडकाळ भूशिरं. वाळूच्या किनाऱ्यावर लांब गुळगुळीत रेषा. नॉइजच्या जोराचा वेगळा मुखवटा (कुठे किती लावायचं ते सांगणारं करडं चित्र) करा आणि अशा तीन-चार स्वभावांप्रमाणे तो हाताने रंगवा. तासाभराचं काम आहे आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

१२. नद्या कुठून कुठे न्यायच्या ते कसं ठरवायचं?

नदी तुम्ही ठरवत नाही, उतार ठरवतो. तुमचं काम जलविभाजक बरोबर ठेवण्याचं.

पंचगंगेकडे पाहा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या घाटमाथ्याजवळून निघतात, एकमेकींत मिसळत प्रयाग चिखलीला एकत्र येतात (पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते), आणि पुढे एकच पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. डहाळ्यांची झाली एक फांदी, फांद्यांचं खोड: नद्या उताराकडे जाताना जुळतात, फुटत नाहीत. लहान ओढे मोजले तर प्रत्येक पुढच्या पायरीला संख्या ३ ते ५ पटींनी कमी होत जाते. तुमच्या नकाशात मोठ्या नदीला दोनच उपनद्या असतील तर ती उपाशी दिसेल.

कृष्णेकडूनही एक धडा आहे. महाबळेश्वरला ती अरबी समुद्रापासून ६४ किलोमीटरांवर उगम पावते आणि तरी सुमारे १४०० किलोमीटर चालून पूर्वेच्या समुद्राला मिळते. जवळचा समुद्र महत्त्वाचा नाही, जलविभाजकाची कुठली बाजू ते महत्त्वाचं.

विल्बरमधली कृती: उंचीत ५ ते १० मीटरांचा बारीक नॉइज मिसळा, 'फिल बेसिन्स' चालवा म्हणजे बंदिस्त खड्डे भरतात, मग 'इन्साइज फ्लो' म्हणजे पाण्याच्या वाटा कोरल्या जातात. हे ३ ते ५ वेळा, दर वेळी कोरण्याचा जोर कमी ठेवून. नॉइज मिसळला नाही तर भरलेल्या खड्ड्यांच्या सपाटीवर नद्या ४५ अंशांत फुटपट्टीने आखल्यासारख्या धावतात, कारण प्रोग्रामला पिक्सेलच्या आठच दिशा माहीत असतात.

कोरलेल्या वाटेवर नदीची निळी रेघ मात्र वेगळ्या थरावर, व्हेक्टर म्हणून (पिक्सेलऐवजी रेषेच्या रूपात) काढा. कोल्हापूर ते नृसिंहवाडी सरळ अंतर साधारण ४० किलोमीटर, म्हणजे ३.९ किलोमीटरांच्या पिक्सेलवर जेमतेम १०. पंचगंगेची वळणं त्यात मावत नाहीत, तिची रुंदी तर नाहीच.

संगणक सुरू करण्याआधी एक गोष्ट जरूर करून पाहा. दिवाळीतला मातीचा किल्ला मोडायच्या आधी त्यावर झारीने दहा मिनिटं पाणी सोडा. दऱ्या कुठून सुरू होतात आणि पायथ्याशी गाळाचा पंखा कसा पसरतो, हे कुठल्याही मॅन्युअलपेक्षा चांगलं समजतं.

१३. पण तळ्यातून दोन नद्या निघूच शकत नाहीत का? आणि नदी फुटत नाही म्हणता, मग त्रिभुज प्रदेश?

त्रिभुज प्रदेशात फुटते, कारण तिथे उतार जवळजवळ शून्य आणि गाळ भरपूर. गाळाच्या मैदानात फुटून पुढे पुन्हा जुळते, तेही चालतं. दक्षिण अमेरिकेत कासिक्यारे हा प्रवाह ओरिनोकोतून फुटून ॲमेझॉनच्या खोऱ्यात जातो. यलोस्टोनमधल्या आयसा तळ्याचं पाणी दोन बाजूंना वाहतं. असे अपवाद संबंध ग्रहावर एक-दोन ठेवा आणि ते सपाट जलविभाजकावरच ठेवा.

तळ्याला एकच वाट असते, कारण जी वाट किंचित खाली असते ती कोरली जाऊन आणखी खाली जाते. वाट अजिबात नसणं मात्र कोरड्या प्रदेशात नेहमीचं आहे. तिथे पाणी फक्त वाफ होऊन जातं आणि तळं खारं होतं. बुलढाण्यातलं लोणार असंच. अशी खोरी ठेवायची असतील तर 'फिल बेसिन्स' चालवण्याआधी त्यांवर मुखवटा टाका, नाहीतर प्रोग्राम ती भरून टाकेल.

१४. झिजेचा प्रोग्राम चालवला तर सगळा ग्रह सुरकुतलेल्या कागदासारखा झाला.

प्रमाणाची गल्लत. गायासारखे प्रोग्राम काही किलोमीटर रुंदीच्या डोंगरासाठी बनलेले आहेत. ते पावसाच्या थेंबाने एक-दोन पिक्सेल रुंदीची घळ पाडतात. तुमचा पिक्सेल ४ किलोमीटरांचा, म्हणजे घळ झाली ८ किलोमीटरांची आणि ग्रह एखाद्या टेकडीएवढा दिसू लागला.

संपूर्ण ग्रहावर फक्त मोठ्या खोऱ्यांची कोरणी करा (प्रश्न १२). बारीक झीज हवी असेल तर ५०० गुणिले ५०० किलोमीटरांचा तुकडा कापा, तो ४०९६ पिक्सेलला मोठा करा, म्हणजे पिक्सेल सुमारे १२२ मीटरांचा होतो, मग तिथे गाया चालवा. तुकडा वाढवताना भोवती १० टक्के जास्तीची कड घ्या आणि शेवटी ती कापून टाका, कारण कडेला पाणी कुठे जावं ते प्रोग्रामला कळत नाही. आणि झीज सगळीकडे सारखी लावू नका: पावसाच्या बाजूला पूर्ण, वाळवंटात पाव.

१५. पाऊस आणि वाळवंटं कुठे ठेवू?

पृथ्वीसारखा वेग असलेल्या ग्रहावर विषुववृत्ताजवळ हवा वर चढते, तिथे पाऊस. ती ३० अंशांजवळ खाली उतरते, तिथे कोरडं. मोठी वाळवंटं २० ते ३० अंशांत, विशेषतः खंडाच्या पश्चिम बाजूला. ३० ते ६० अंशांत पश्चिमी वारे, त्यामुळे खंडाचा पश्चिम किनारा ओला.

मग डोंगर. वारा समुद्रावरून येऊन कड्याला भिडला की वर चढतो, थंड होतो, बरसतो, आणि पलीकडे कोरडा उतरतो. गगनबावड्यात वर्षाला ५००० मिलिमीटरांच्या वर पाऊस, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास, शिरोळकडे त्याच्या निम्म्यावर. सरळ अंतर ८० किलोमीटरांच्या आसपास आणि फरक जवळजवळ दहा पट. नमुना ग्रहावर हे जेमतेम २० पिक्सेल! पावसाचा नकाशा हळुवार रंगवणाऱ्यांना हे पटत नाही, पण कड्याजवळ बदल इतकाच झपाट्याने करा.

तापमान पृथ्वीवर दर किलोमीटरला सरासरी ६.५ अंशांनी उतरतं. हा दर गुरुत्वाबरोबर कमी होतो. नमुना ग्रहावर सुमारे ५.२ धरा. समुद्रकाठी २६ अंश असेल तर शून्य अंश पृथ्वीवर ४००० मीटरांवर, इथे ५००० मीटरांवर. हिमरेषा त्यानुसार वर न्या.

१६. माझा ग्रह उलटा फिरतो. किंवा त्यावर पाणीच नाही. मग हे नियम चालतील का?

उलटा फिरत असेल तर वाऱ्यांचं पूर्व-पश्चिम आरशातल्यासारखं उलटतं: वाळवंटं खंडाच्या पूर्व बाजूला, मध्य अक्षांशांत ओला किनारा पूर्वेचा. डोंगर, भूपट्ट, नद्या यांना काही फरक पडत नाही.

पाणी नसेल तर प्रश्न १२ ते १५ विसरा. तिथे राज्य विवरांचं. साध्या विवराची खोली व्यासाच्या सुमारे एक पंचमांश, काठ थोडा उचललेला. मोठी विवरं त्या मानाने उथळ आणि मध्ये उंचवटा असलेली. व्यास दुप्पट केला की विवरांची संख्या साधारण पाव करा. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तो तुमच्या अर्ध्या पिक्सेलातच जाईल. म्हणून ग्रहाच्या नकाशावर २० किलोमीटरांहून लहान विवरं काढत बसू नका. नव्या विवराने जुन्याला कापलं पाहिजे, हा क्रम मात्र कटाक्षाने पाळा.

१७. ध्रुवाजवळ सगळं ताणलं जातं आणि डावी-उजवी कड जुळत नाही.

कड जुळवायला गिम्पमध्ये 'ऑफसेट' वापरून चित्र अर्ध्या रुंदीने सरकवा, कडा गुंडाळण्याचा पर्याय चालू ठेवा. शिवण मधोमध येते. ती दुरुस्त करून परत सरकवा.

ध्रुवांसाठी वरची ३० अंशांची पट्टी, म्हणजे ४०९६ उंचीच्या चित्रात ६८३ पिक्सेल, वेगळी काढा. तिला 'पोलर कोऑर्डिनेट्स'ने गोल करा, गोलावर काम करा आणि उलटं रूपांतर करून परत बसवा. ६० अंशांवर आडवा ताण दुप्पट, ७५ अंशांवर जवळपास चौपट असतो, म्हणून चौकोनी नकाशावर गोल ब्रश तिथे खोटं बोलतो.

नॉइज लावायचा असेल तर तो सपाट चित्रावर लावूच नका. ब्लेंडरमध्ये गोलावर त्रिमितीय नॉइज टाकून तो चौकोनी नकाशावर बेक करा, म्हणजे चित्र म्हणून उतरवा. शिवण आणि ताण, दोन्ही प्रश्न तिथेच मिटतात.

१८. खऱ्या पृथ्वीचे उंचीचे तुकडे चिकटवले तर चालेल का?

लहान प्रदेशात चालेल, आणि शिकायला तर उत्तम. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने रडारने मोजलेली एसआरटीएम उंची ३० मीटरांच्या पिक्सेलने फुकट मिळते. एन१६ई०७४ या तुकड्यात कोल्हापूर आणि एन१६ई०७३ मध्ये गगनबावडा व खालचं कोकण आहे. हे दोन शेजारी उघडून आडवा छेद काढा. प्रश्न ८ मधला कडा तुमच्यासमोर रेषेत उभा राहील.

चिकटवताना सांधा जलविभाजकावर ठेवा, दरीत नको. दरीतून गेलेला सांधा नदी तोडतो. तुकडा मोठा करून ताणू नका: ३० मीटरांची दरी ग्रहाच्या नकाशात ४ किलोमीटरांची करणं म्हणजे प्रश्न १४ चीच चूक. आणि ओळखीचा आकार फिरवून किंवा उलटा करून घ्या, पण मग सावली पुन्हा मोजा.

१९. क्यूजीआयएसमध्ये सावली टाकली की सगळं काळं-पांढरं येतं. नाहीतर डोंगर खड्ड्यांसारखे दिसतात.

पहिल्याचं कारण एककं. नकाशा अंशांत आणि उंची मीटरांत असते, त्यामुळे प्रोग्रामला प्रत्येक टेकडी आकाशाला भिडलेली वाटते. स्वतःची सीआरएस (नकाशाची अक्षांश-रेखांश पद्धत) बनवा, त्यात गोलाची त्रिज्या मीटरांत द्या (५१,००,०००), चित्राची व्याप्ती उणे १८० ते १८० आणि उणे ९० ते ९० करा. मग सावलीच्या साधनात उभं-आडवं प्रमाण विचारलं की एका अंशाचे मीटर भरा: पृथ्वीला १,११,१२०, नमुना ग्रहाला ८९,०१२.

दुसऱ्याचं कारण प्रकाश. उजेड वायव्येकडून, दिगंश ३१५, उंची ४५ अंश ठेवा. कोल्हापुरात एवढ्या उंचीवरचा सूर्य कधी वायव्येला नसतो हे खरं, पण डोळ्यांना वरून-डावीकडून पडणाऱ्या उजेडाची सवय आहे. उजेड खालून आला की मेंदू डोंगराचा खड्डा करतो.

२०. नावं मराठीत लिहिली की जोडाक्षरं तुटतात आणि पसरली तर शिरोरेषा फुटते.

जोडाक्षरांसाठी युनिकोड फाँट घ्या. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडून प्रोग्राम पुन्हा सुरू करा. क्यूजीआयएस आणि इंकस्केप देवनागरी नीट मांडतात.

रोमन नकाशांत डोंगररांगेचं नाव अक्षरं पसरून लिहितात. देवनागरीत ते करू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द तुकडे होऊन पडतो. त्याऐवजी नाव मोठ्या, हलक्या वजनाच्या अक्षरांत रांगेच्या वळणावर लिहा किंवा शब्दाशब्दांत अंतर वाढवा. वळण सौम्य ठेवा, कारण तीव्र वळणावर शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी मोडलेली दिसते.

२१. भिंतीवर लावायला छापायचं किंवा पुठ्ठ्याचं उठावाचं मॉडेल करायचं आहे.

८१९२ पिक्सेल रुंदीचं चित्र ए१ कागदाच्या ८४.१ सेंटिमीटर लांबीत इंचाला सुमारे २४७ ठिपक्यांनी बसतं. हे भरपूर आहे. फ्लेक्स स्वस्त पडतो पण बारीक सावल्या त्यावर विरघळतात आणि गडद निळा मळकट येतो. मॅट फोटो पेपर घ्या. पूर्ण छपाईआधी समुद्र, वाळवंट आणि बर्फ एकत्र असलेली १० सेंटिमीटरांची पट्टी छापून बघा.

मॉडेलमध्ये खऱ्या प्रमाणाचा हट्ट सोडा. नमुना ग्रह ८० सेंटिमीटर रुंद केला तर १ सेंटिमीटर म्हणजे ४०० किलोमीटर, आणि ८ किलोमीटरांचा पर्वत ०.२ मिलिमीटर, म्हणजे रंगाचा एक हात. उंची ५० पट वाढवा: तोच पर्वत १ सेंटिमीटर होतो. १ मिलिमीटरचा पुठ्ठा म्हणजे ८०० मीटर, असे दहा थर. क्यूजीआयएसमधून दर ८०० मीटरांची समोच्च रेषा काढा, प्रत्येक थर वेगळा छापा आणि खालच्या थरावर वरच्या थराची रेषा पेन्सिलीने उमटवून मगच चिकटवा. फेव्हिकॉल पातळ करू नका. पुठ्ठा पाणी पितो, फुगतो आणि पाचव्या थरापर्यंत किनारे एकमेकांवर बसेनासे होतात.